बीडीएसची जागा मिळाल्यावर: मेडिकल चौक, हिंगणा मार्ग की सावंगी?

विदर्भातल्या ज्या विद्यार्थ्याला नीटच्या गुणांवर बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, जागा मिळाली आहे आणि जो घराजवळ शिकू इच्छितो, त्याच्यासमोर प्रत्यक्षात तीन वाटा असतात. पहिली वाट नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाची, जे १९६८ पासून चालू आहे. दुसरी हिंगणा मार्गावरच्या दोन खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची, म्हणजे डिगडोहच्या टेकडीवरचे व्हीएसपीएम संस्थेचे महाविद्यालय आणि वानाडोंगरीचे स्वर्गीय दादासाहेब काळमेघ स्मृती दंत महाविद्यालय. तिसरी वाट वर्ध्यालगतच्या सावंगी येथील शरद पवार दंत महाविद्यालयाची. १९९१ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय आज दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचा भाग आहे.

पदवीच्या कायदेशीर मूल्यात या चौघांमध्ये काहीही फरक नाही, हे पालकांनी आधी मनाशी पक्के करावे. अभ्यासक्रम भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमांनुसार सर्वत्र सारखाच आहे: चार शैक्षणिक वर्षे आणि त्यानंतर एक वर्षाची सशुल्क नव्हे, तर विद्यावेतनासह करावयाची फिरती इंटर्नशिप. नोंदणीही राज्य दंत परिषदेकडे एकाच पद्धतीने होते. नागपूरची तिन्ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांच्या लेखी परीक्षा राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर होतात. अभिमत विद्यापीठ स्वतःची परीक्षा स्वतः घेते. पुढे एमडीएसला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश हवा असेल तर तो नीट-एमडीएसच्या गुणांवर मिळतो आणि त्या परीक्षेत बीडीएस कोठून केले याला गुण नसतात. २०२३ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात तर देशभर समान अशा अंतिम परीक्षेची तरतूद आहे. त्यामुळे महाविद्यालयाच्या नावाचा दबदबा, प्रवेशद्वाराची भव्यता किंवा परिचितांनी काढलेले उद्गार यांना निर्णयात फार जागा देऊ नये. माझ्या मते खरी तुलना दोनच गोष्टींची आहे: विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने किती रुग्णांवर काम करायला मिळेल, आणि पदवी मिळेपर्यंत घरातून एकूण किती पैसा जाईल.

रुग्ण आणि खुर्ची

पहिल्या दोन वर्षांत महाविद्यालयांमधला फरक फारसा जाणवत नाही. शरीररचना, शरीरक्रिया, दातांची रचना, औषधशास्त्र, दंतसामग्री हे विषय पुस्तकाचे आणि प्रयोगशाळेचे आहेत. मेणाचे दात कोरणे, फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, दातात पोकळी तयार करणे, कवळीसाठी दात मांडणे ही कामे चारही ठिकाणी करावीच लागतात. फरक दिसू लागतो तो तिसऱ्या वर्षात, जेव्हा विद्यार्थी ओपीडीत उभा राहतो, आणि तो पूर्ण कळतो तो शेवटच्या वर्षात, जेव्हा मुखरोगनिदान, बालदंतचिकित्सा, दंतवक्रता, हिरड्यांचे विकार, मुखशल्यचिकित्सा, रूट कॅनाल व फिलिंग, कृत्रिम दंतशास्त्र आणि सामाजिक दंतशास्त्र अशा आठ विषयांचा कोटा एकाच वेळी डोक्यावर असतो. कोटा म्हणजे ठरावीक संख्येने काढलेले दात, भरलेल्या दाढा, केलेल्या कवळ्या. तो वहीत पूर्ण करणे आणि हातात उतरणे यांत पुष्कळ अंतर आहे. रुग्ण भरपूर असतील तर विद्यार्थी सोपी दाढ, अवघड दाढ, घाबरलेले मूल, मधुमेही वृद्ध असे सर्व प्रकार पाहतो. रुग्ण कमी असतील तर त्याला मित्र आणि नातेवाईक गोळा करून आणावे लागतात, आणि त्यांच्यावर केलेल्या कामातून शिकायला मिळते ते एकसुरी असते.

या बाबतीत शासकीय महाविद्यालयाला जे स्थानमाहात्म्य आहे, त्याला तोड नाही. नागपूरकर ज्याला केवळ ‘मेडिकल’ म्हणतात, ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला लागूनच आहे आणि तेथे विदर्भाबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमाभागांतूनही रुग्ण येतात. अपघातात जबडा मोडलेला माणूस, गालात गाठ घेऊन आलेला शेतमजूर, सूज डोळ्यापर्यंत चढलेले मूल असे रुग्ण आधी ‘मेडिकल’ला पोचतात आणि तेथून दंतविभागाकडे येतात. उपचारांचे दर शासकीय असल्यामुळे रुग्ण खर्चाच्या भीतीने अर्ध्यावरून परत जात नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण रूट कॅनालसारखे काम तीन-चार भेटींत पुरे होते आणि मधल्या भेटीला रुग्ण आलाच नाही तर शिक्षणही अर्धवट राहते.

येथे विदर्भाचा एक विशेष सांगणे आवश्यक आहे, कारण प्रवेशाच्या गडबडीत त्याचा विचार कोणी करत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्‍याचे व्यसन आपल्याकडे इतके खोलवर रुजले आहे की तोंड उघडत नाही, तिखट लागत नाही, गालाच्या आतल्या कातडीला पांढरट ताठरपणा आला आहे, अशी तक्रार घेऊन विशीतली मुलेही ओपीडीत येतात. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे मुखकर्करोग होऊ शकतो. याशिवाय चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडलेले रुग्ण दिसतात. ज्याला पुढे नागपूर, गोंदिया किंवा पुसद अशा ठिकाणीच दवाखाना थाटायचा आहे, त्याने हे रुग्ण शिकत असतानाच शेकड्याने पाहिलेले असले पाहिजेत. कर्करोगाची पहिली खूण दंतवैद्याच्या नजरेतून सुटली तर ती पुढे बहुधा फार उशिरा सापडते.

सावंगीचे बळ वेगळे आहे. तेथे त्याच परिसरात आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, वैद्यकीय शाखाही आहे, आणि वर्धा-यवतमाळ पट्ट्यातला ग्रामीण रुग्ण तेथे थेट येतो. ज्याला मुखशल्यचिकित्सेत किंवा संशोधनात रस आहे त्याला वैद्यकीय आणि दंत अशा दोन्ही शाखा एका आवारात असण्याचा लाभ होतो. हाच मुद्दा हिंगणा मार्गावरही लागू पडतो: डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे. वानाडोंगरीसंबंधी विचार करताना तृतीय वर्षातील सामान्य वैद्यक आणि सामान्य शल्यचिकित्सा यांचे पाठ कोणत्या रुग्णालयात होतात, तेथे जाण्यायेण्याची सोय काय, हे आधी विचारून घ्यावे. हिंगणा एमआयडीसीतले कामगार आणि आसपासच्या खेड्यांतले लोक ही दोन्ही महाविद्यालयांच्या रुग्णांची स्वाभाविक वस्ती आहे.

आणखी एक बाब नाजूक असली तरी बोलून दाखवली पाहिजे. ज्या महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थी पुष्कळ असतात, तेथे शिकवणारे हात वाढतात, परंतु अवघड दाढेची रूट कॅनाल, अडकलेली अक्कलदाढ आणि क्राऊन-ब्रिजची कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जाण्याची शक्यताही वाढते. म्हणून ‘एमडीएसच्या किती जागा आहेत’ एवढेच विचारून थांबू नये. ‘त्यांच्या जोडीने बीडीएसच्या मुलाला कोणते काम मिळते’ हेही विचारावे.

हे सारे जाणून घेण्याचा मार्ग एकच: कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, कोणाची ओळख न काढता ओपीडीत जाऊन बसणे. नोंदणीच्या खिडकीसमोर किती माणसे आहेत, किती खुर्च्या चालू आहेत आणि किती झाकून ठेवल्या आहेत, रुग्णाजवळ विद्यार्थी एकटा आहे की शिक्षक येऊन पाहतो आहे, एवढे डोळ्यांना दिसतेच. त्यानंतर एखाद्या इंटर्नला नम्रपणे विचारावे की त्याने स्वतः किती दाढा काढल्या आणि त्यांपैकी किती रुग्ण त्याला आणावे लागले. मुले खरे सांगतात. माहितीपत्रकापेक्षा या अर्ध्या तासावर अधिक विश्वास ठेवावा.

पैशाचा हिशोब

शासकीय शुल्क आणि खासगी शुल्क यांतली तफावत इतकी मोठी आहे की शासकीय जागा मिळालेल्या विद्यार्थ्याने या परिच्छेदावर वेळ घालवू नये. बंधपत्राच्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात आणि प्रवेश घ्यावा. प्रश्न उरतो तो हिंगणा मार्ग की सावंगी असा, आणि तेथे शुल्काचा आकडा समजण्याआधी शुल्क ठरवतो कोण हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या राज्य कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी मान्य करते. अभिमत विद्यापीठ या चौकटीबाहेर आहे आणि त्याचे शुल्क ते स्वतःच्या समितीमार्फत ठरवते.

याच फरकाचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलती प्रामुख्याने सामाईक प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून घेतलेल्या जागांना मिळतात. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु खासगी अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश यांना ही सवलत लागू नाही. म्हणजे ओबीसी प्रवर्गातली, मध्यम उत्पन्नाच्या घरातली एखादी मुलगी कॅपमधून डिगडोहला किंवा वानाडोंगरीला गेली तर शिक्षण शुल्काचा भार शासन उचलते, आणि तीच मुलगी सावंगीला गेली तर पूर्ण शुल्क वडिलांनी भरायचे. असा पर्याय समोर असताना सावंगीची निवड करण्यासाठी कारण फार भक्कम असावे लागेल. मुलांसाठी सवलत कमी आहे: ओबीसी विद्यार्थ्याला आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेत बसणाऱ्या विद्यार्थ्याला साधारणतः निम्मे शिक्षण शुल्क मिळते. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचे असतात आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता ही कागदपत्रे आधीच हाताशी असावी लागतात.

हिशोब मांडताना पहिल्या वर्षाचे शुल्क गुणिले चार एवढेच करू नये. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, उपकरणसंच, कवळीचे आणि फिलिंगचे साहित्य, परीक्षा शुल्क हे सर्व वेगळे लिहून काढावे. दुसऱ्या वर्षापासून साहित्याचा खर्च अंगावर येतो आणि बहुतेक पालक त्यासाठी तयार नसतात. इंटर्नशिपच्या वर्षात विद्यावेतन नियमित मिळते का, हेही त्या इंटर्नलाच विचारावे. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल तर साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, आणि त्यासाठी गावाकडची जमीन किंवा राहते घर लावण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की नुसत्या बीडीएसनंतरची सुरुवातीची मिळकत माफक असते. जे पैसे बीडीएसवर वाचतील तेच पुढे एमडीएसला किंवा पहिल्या खुर्चीला, एक्स-रे यंत्राला आणि दवाखान्याच्या भाड्याला लागणार आहेत.

राहणे आणि जाणे-येणे यावर थोडक्यात: हिंगणा मार्गाला मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत जाते, त्यामुळे पूर्व नागपुरातला विद्यार्थीही घरी राहून शिकू शकतो. सावंगीला वसतिगृह अटळ आहे. रेल्वेने नागपूरहून वर्ध्याला रोज ये-जा करण्याचा विचार शेवटच्या वर्षात टिकत नाही.

दूरची शासकीय जागा

काही विद्यार्थ्यांना नागपूरचे शासकीय महाविद्यालय थोडक्यात हुकते आणि मुंबईचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय मिळते. २०२० मध्ये ७०-३० ची प्रादेशिक विभागणी (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना) रद्द झाल्यापासून राज्यभरची गुणवत्ता यादी एकच आहे, त्यामुळे असे प्रसंग आता वारंवार येतात. मुलगी आहे, लांब कशाला पाठवायची, जवळ खासगीत टाकू, असे घरात बोलले जाते. मला हे मनापासून चुकीचे वाटते. मुंबईत राहण्याचा खर्च धरूनही शासकीय जागा स्वस्त पडते आणि तेथल्या ओपीडीतले रुग्ण तिला मोठे करतात. घराजवळची जागा निवडायचीच असेल तर ती आजारपण किंवा घरची खरी जबाबदारी यासारख्या कारणासाठी निवडावी. पुढे बदलून घेऊ, या भरवशावर मात्र कोणीही राहू नये. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे हा विद्यार्थ्याचा हक्क नाही, ते प्रथम वर्ष उत्तीर्ण झाल्यावर आणि अपवादात्मक कारणासाठीच शक्य होते.

पुढच्या फेरीची वाट पाहावी का

राज्याची कॅप प्रक्रिया सीईटी कक्ष चालवतो आणि अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी. अभिमत जागांसाठी एमसीसीकडे २ लाख रुपये अनामत ठेवावी लागते आणि दुसऱ्या फेरीपासून पुढे मिळालेली जागा सोडली तर ही अनामत जप्त होऊ शकते. म्हणून ज्याला सावंगी खरोखर नको आहे त्याने केवळ हाताशी असावी म्हणून ती जागा मागू नये. दोन्हीकडच्या तारखा एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात, कारण एकीकडे घेतलेला प्रवेश दुसरीकडच्या पात्रतेवर परिणाम करतो.

कॅपमध्ये हिंगणा मार्गावरची जागा मिळाली असेल आणि शासकीय जागेची आशा असेल, तर मुदतीत प्रवेश घ्यावा, पण स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेलीच जागा कायम ठेवण्याचा, अर्ज भरू नये. तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद होतात. वरची जागा मिळाली तर आधीची आपोआप रद्द होते आणि परत मिळत नाही. म्हणून पुढच्या फेरीचा पसंतीक्रम भरताना हातातल्या जागेपेक्षा जी नक्की हवी आहेत तेवढीच महाविद्यालये लिहावीत, आणि त्यांतले प्रत्येक नाव लिहिण्याआधी त्याचे त्या वर्षीचे मान्य शुल्क आणि वसतिगृहाची उपलब्धता तपासलेली असावी.