सुरू न होणारा लॅपटॉप आणि राजारामपुरीतील एक दुरुस्तीचे दुकान

लॅपटॉप पूर्ण बंद पडला तर काय गेले ते बहुधा लवकर सापडते. मात्र बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचे चिन्ह उमटते, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ बराच वेळ गरगरते आणि मग पडदा काळा होऊन सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, अशा यंत्राचा दोष चार्जरपासून विंडोजपर्यंत कुठेही असू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा अशा वेळीच होते. माझ्या लॅपटॉपची अवस्था नेमकी हीच झाली होती, आणि करसल्ल्याच्या व्यवसायातील विवरणपत्रे, टॅलीचा डेटा व स्कॅन केलेली कागदपत्रे त्यातच असल्यामुळे यंत्रापेक्षा आतल्या फाइलींची काळजी मला अधिक होती.

प्रथम ज्या दुकानात चौकशी केली, तेथे यंत्र उघडण्यापूर्वीच “विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा” असे उत्तर मिळाले. फाइलींचे काय, यावर “डी ड्राइव्हला असतील तर राहतील की” एवढेच सांगण्यात आले. नंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून कोल्हापुरातील राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर असलेल्या या दुकानात गेलो. हे परीक्षण त्याच दुकानाचे आहे.

येथे पहिली दहा-पंधरा मिनिटे लॅपटॉपला कोणी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. फक्त प्रश्न विचारले. तक्रार एकदम सुरू झाली की हळूहळू वाढली, त्याआधी विंडोजचे अपडेट चालू होते का, यंत्र पडले किंवा त्यावर पाणी सांडले का, चार्जर काढल्यावर किती वेळ चालते, आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का. शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटला. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मग ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडूनही एक फाइल निघत नाही. माझी की मोबाइलवरून त्याच खात्यात लॉगिन करताच मिळाली. तंत्रज्ञांनी ती कुठेही लिहून न घेता मलाच जपून ठेवायला सांगितली आणि लागेल तेव्हा फोन करतो म्हणाले. मालक मला एवढेच म्हणाले, “काका, आधी फाइली बाहेर काढू, मग यंत्राचं बघू.”

तपासणीचा क्रम मी काउंटरपाशी बसून पाहिला. चार्जर मल्टिमीटरवर १९.५ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे तो बाजूला झाला. पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते, याचा अर्थ प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले यांनी सुरुवातीची चाचणी पार केली आहे, त्यामुळे मदरबोर्डवर लगेच संशय घेण्याचे कारण नाही, असे तंत्रज्ञांनी समजावले. चिन्हच आले नसते तर कॅप्स लॉकचा दिवा किती वेळा लुकलुकतो किंवा किती बीप वाजतात, ते त्यांनी आधी मोजले असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्ये, तारीख-वेळ बरोबर होती, त्यामुळे बायोसच्या छोट्या सेलचाही प्रश्न मिटला. तेथेच खरा धागा सापडला: एसएसडीचे, म्हणजे विंडोज आणि फाइली जिच्यावर असतात त्या डिस्कचे, नाव कधी यादीत दिसे, कधी दिसत नसे. मग पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली, ती विनातक्रार चालली. म्हणजे बाकीचे यंत्र ठीक असून दोष एसएसडीत किंवा तिच्यावरील विंडोजमध्ये आहे, हे माझ्यासारख्या सामान्य माणसालाही समोर दिसले. तरीही रॅमची पूर्ण चाचणी त्यांनी रात्रभर लावून ठेवली, कारण खराब रॅमची लक्षणे पुष्कळदा डिस्कच्या दोषासारखीच दिसतात. सकाळपर्यंत रॅम निर्दोष ठरली. एसएसडीच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीत मात्र वाचनाच्या चुका साठलेल्या होत्या आणि धोक्याची सूचनाही आलेली होती.

आता ‘फॉरमॅट मारून देतो’ या सल्ल्याचे काय झाले असते, याचा विचार केला की त्या दोन दुकानांतील फरक स्पष्ट होतो. विंडोज नव्याने घातल्यावर लॅपटॉप बहुधा सुरू झाला असता, मी समाधानाने पैसे दिले असते, मरू घातलेल्या एसएसडीवर पुन्हा काम सुरू झाले असते, आणि जुन्या फाइलींवर नवे विंडोज लिहिले गेल्यामुळे त्या परत मिळण्याची शक्यताही त्याच संध्याकाळी संपली असती. शहरात हा सल्ला सर्रास दिला जातो आणि गिऱ्हाइकेही तो निमूट स्वीकारतात, याचे मला आश्चर्य वाटते.

या दुकानाने उलट केले. चेकडिस्कसारखी दुरुस्तीची आज्ञा आजारी डिस्कवर चालवायची नाही, कारण ती डिस्कवर लिहिते आणि असलेले नुकसान वाढवू शकते, हा त्यांचा नियम आहे. त्यांनी एसएसडीवर काहीही न लिहिता तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. जो भाग वाचता येईना तो आधी सोडून पुढचे सगळे उतरवले आणि मग मागे येऊन त्या भागाचे पुन्हा प्रयत्न केले. पुढचे काम त्या प्रतीवर झाले. जवळजवळ सर्व फाइली सुखरूप निघाल्या. काही छायाचित्रे आणि टॅलीतील एका कंपनीचा डेटा खराब निघाला, तो डेटा माझ्याकडील बॅकअपवरून पुन्हा उभा करता आला. किती फाइली मिळाल्या व कोणत्या मिळाल्या नाहीत याची यादी त्यांनी न मागता दिली.

बिघाडाच्या कारणाबद्दलचे त्यांचे बोलणेही मला पटले, कारण त्यात बढाई नव्हती. लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता मुळापेक्षा फारच घटली होती. विंडोजमध्येच काढता येणाऱ्या बॅटरी अहवालात कारखान्यातील क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. परिणामी यंत्र केवळ चार्जरवर चालत होते आणि पावसाळ्यात, जेव्हा आपल्याकडे लाइट जाणे-येणे चालूच असते, तेव्हा प्रत्येक वेळी ते झटक्यात बंद होत होते. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींमध्ये वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करण्याएवढी राखीव वीज नसते. “त्यामुळेच गेली असं शपथेवर सांगू शकत नाही, पण बॅटरी न बदलता नवी एसएसडी टाकली तर ती पण त्रासात राहील,” असे तंत्रज्ञ म्हणाले. मी दोन्ही बदलले.

नव्या विंडोजचे वेगळे पैसे लावले नाहीत, हेही नोंदवायला हवे. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना साधारणपणे मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे केवळ एसएसडी बदलल्यावर तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. काही ठिकाणी ‘ओरिजिनल विंडोज’ या नावाखाली जी रक्कम बिलात येते, तिचा हिशेब अवश्य विचारावा. जुनी एसएसडी त्यांनी मला परत दिली. तिच्यावर माझ्या ग्राहकांची माहिती असल्याने ती दुकानात राहणे मला चालले नसते, आणि ते मी सांगण्याआधीच त्यांच्या लक्षात होते.

मी बसलो असताना एक कॉलेजची मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. दिवा लागायचा, पडदा काळाच राहायचा. तंत्रज्ञांनी चार्जर काढला, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, पुन्हा चार्जर लावला आणि यंत्र सुरू झाले. पैसे घेतले नाहीत. हा उपाय घरी कोणालाही करता येतो. एसएसडी निरोगी असेल आणि फक्त विंडोजच अडकत असेल, तर सलग दोन-तीनदा सुरू होणे फसल्यावर येणाऱ्या रिकव्हरीच्या पडद्यावरून स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड किंवा शेवटचे अपडेट काढून टाकणे हे पर्याय वापरून पाहायला फोनवरच सांगतात. येणारे गिऱ्हाइक असे फोनवर वाटेला लावणारे दुकान मी तरी फारसे पाहिलेले नाही.

आता उणिवा. दुकानाचा फोन दुपारी क्वचितच उचलला जातो, आणि काम कुठवर आले हे स्वतःहून कळवण्याची पद्धत नाही. सांगितलेल्या मुदतीपेक्षा माझे काम बरेच लांबले. प्रत घेण्यास वेळ लागतो हे मान्य, परंतु तसे आधीच सांगितले असते तर विवरणपत्रांच्या मुदतीचे नियोजन करता आले असते. तपासणीचे ₹४०० घेतात आणि दुरुस्ती तेथेच केल्यास ते बिलातून वजा करतात, हे रास्त आहे. मात्र डेटा काढण्याचे शुल्क वेगळे असून ते एसएसडीच्या आकारावर नव्हे, लागलेल्या वेळावर ठरते, आणि त्याचा अंदाज सुरुवातीला मोघम मिळतो. एसएसडीची किंमत ऑनलाइन दरापेक्षा थोडी अधिक पडली. जीएसटीचे बिल मागावे लागले, एरवी हाती साधी पावती येते. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, आणि संध्याकाळी राजारामपुरीत गाडी लावायला जागा शोधणे हे स्वतंत्र काम आहे.

मदरबोर्डवरील चिप बदलण्यासारखे सूक्ष्म काम ते स्वतः करत नाहीत; ते बाहेर पाठवावे लागेल, असे स्पष्ट सांगतात. त्यामुळे ज्यांच्या यंत्रात पाणी गेले आहे किंवा दिवासुद्धा लागत नाही, त्यांनी असे काम जागेवर होते ते ठिकाण आधी पाहावे. सुरू होता होता अडकणाऱ्या लॅपटॉपसाठी मात्र मी पुन्हा येथेच जाईन. जाताना मूळ चार्जर सोबत न्या, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवून ठेवा, आणि शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास जा, कारण त्या वेळी तंत्रज्ञ मोकळे असतात आणि तपासणी तुमच्यासमोर करतात.