नाशिकमध्ये दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी : वडिलांसोबतचा अनुभव

अर्धांगवायूच्या झटक्याने वडिलांची उजवी बाजू अधू झाली, म्हणून आम्ही त्यांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी शहरातील एका शासकीय रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांच्या तपासणीला मी मनापासून चांगले म्हणेन; खिडकीवर मिळणाऱ्या माहितीला मात्र नाही.

पहिली खेप वाया गेली. झटक्यानंतर चौथ्याच महिन्यात आम्ही सातपूरहून रिक्षा करून गेलो, तेव्हा "सहा महिने झाल्यावर या" एवढेच उत्तर मिळाले. सुरुवातीच्या काळात हातापायांतली ताकद बरीच परत येऊ शकते, त्यामुळे कायमची हानी किती हे तेव्हा ठरवता येत नाही, हे कारण रास्तच आहे. पण ते सांगायला कोणी नव्हते आणि तशी पाटीही नव्हती.

दुसऱ्या खेपेला आम्ही मधुमेह व रक्तदाबाची जाडजूड फाईल नेली होती. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत हे आजार येत नाहीत, आणि अर्धांगवायूतही आजाराच्या नावाला नव्हे, तर त्यामुळे शरीराचे कोणते काम अडले याला टक्के मिळतात. त्यांनी खांदा, कोपर, मनगट कितपत वळते ते कोनमापकाने मोजले, मुठीची पकड पाहिली आणि शर्टाचे एक बटण काढून पुन्हा लावायला सांगितले. वडील आयुष्यभर कारखान्यात राबलेले, स्वाभिमानी. त्यांनी हळूच डाव्या हाताने बटण लावले आणि "जमतंय की" म्हणाले. "काका, मला उजव्या हाताचं बघायचंय," असे डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि पुरेसा वेळ थांबले. बटण लागले नाही. त्या क्षणी वडिलांची मान खाली गेली ती मला विसरता येत नाही, पण डॉक्टरांनी घाई केली असती तर त्यांच्यावर अन्यायच झाला असता.

कारखान्यातल्या आवाजाने त्यांना ऐकूही कमी येते, म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी झाली. हाताचे-पायाचे ५० आणि कानाचे ३० टक्के मिळून ८० होतील, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रमाणपत्रावर ६३ आले. दोन टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज होत नाही : ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. हे मला रांगेतल्या एका ताईंनी समजावले, कर्मचाऱ्यांनी नव्हे.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात, त्यामुळे आमचे काम झाले. मात्र संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान या प्रमाणपत्राने आपोआप सुरू होत नाही; त्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. तपासणीला जाताना मेंदूच्या स्कॅनचा अहवाल आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद सोबत ठेवावा, आणि आपल्या माणसाला आदल्या रात्रीच समजावून सांगावे की उद्या डॉक्टरांपुढे काहीही लपवायचे नाही.