‘आई, ॲनालॉजी नसतात आता’: एसएटीच्या शब्दसंग्रहापायी गेलेले 732 डॉलर 48 सेंट

आकडा आधीच सांगते: 732 डॉलर 48 सेंट. घरात तो अजून कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

मुलगी अकरावीत आहे. आम्ही अमेरिकेत राहतो; इथे कॉलेजच्या प्रवेशासाठी एसएटी ही परीक्षा असते आणि पीएसएटी ही तिची पूर्वतयारीची परीक्षा. ऑक्टोबरात शाळेत पीएसएटी दिली, मार्चमध्ये एसएटी. नोव्हेंबरात एका संध्याकाळी फोन आला. पलीकडच्या बाईने मुलीचं पूर्ण नाव, शाळा, घरचा पत्ता, सगळं बिनचूक सांगितलं. म्हणाली, “कॉलेज बोर्डाकडून (म्हणजे एसएटी घेणाऱ्या संस्थेकडून) बोलतेय. तुमच्या मुलीने शाळेत शब्दसंग्रहाच्या साहित्यासाठी नाव दिलंय. साहित्य फुकट, फक्त 249 डॉलर अनामत, तीस दिवसांत परत.” पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. अनामतीपाठोपाठ 385 डॉलरचा ‘प्रगत शब्दसंच’, वर टपालखर्च 18 डॉलर 50 सेंट. नंतर न विचारता दोन महिने 39 डॉलर 99 सेंट कापले ते वेगळेच. कॉलेज बोर्ड स्वतःहून फोन करून कार्डाचा नंबर मागत नाही, असं त्यांनीच जाहीर सांगितलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

पण फसले ती घटका ही नव्हे. ती बाई म्हणाली, “ॲनालॉजीचे प्रश्न फार अवघड असतात, शब्द येत नसले की मुलं तिथेच गळतात.” ॲनालॉजी म्हणजे शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखण्याचे प्रश्न. स्पीकर चालू होता. टेबलाच्या पलीकडून मुलगी म्हणाली, “आई, ॲनालॉजी नसतात आता.” मी तिला हाताने गप्प केलं. जिला परीक्षा द्यायची होती, जिला ठाऊक होतं, तिलाच. दोन मिनिटांनी बाई म्हणाली, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. मुलीने परत माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी काही बोलली नाही. ते पाहणं डोळ्यांसमोरून जात नाही.

मी काही अडाणी नाही. मराठी माध्यमातून शिकले, 2003 साली जीआरई (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा) दिली, तेव्हा शब्दांच्या याद्या रात्र रात्र घोकल्या. त्या परीक्षेत ॲनालॉजी होत्या, विरुद्धार्थी शब्द होते. इंग्रजी शब्द कमी पडले की माणूस कसा मागे पडतो हे मी भोगलंय. मुलीच्या वाट्याला ते येऊ नये एवढंच मनात होतं. त्या बाईचं बोलणं मला ओळखीचं वाटलं, आणि ओळखीचं म्हणून खरं वाटलं. एसएटीतून ॲनालॉजी 2005 सालीच गेल्या, मुलगी जन्मायच्याही आधी. पाव गुणाची कपात आणि सुट्या वाक्यांतल्या गाळलेल्या जागा 2016 साली गेल्या. दहा मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं.

खोक्यात निघाली पाठांतराची कार्डं. एका बाजूला ‘पल्क्रिट्यूड’, दुसऱ्या बाजूला ‘सौंदर्य’ या अर्थाचा एक शब्द. वाक्य नाही, वापर नाही. आताच्या परीक्षेत 25 ते 150 शब्दांचा छोटा उतारा देतात, त्यात एक जागा रिकामी, चार पर्याय. ‘टेन्युअस’ (क्षीण, तकलादू) यासारखा शब्द तिथे बसतो की नाही, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवायचं. कार्डांचे गठ्ठे घोकून हे जमत नाही, त्याला वाचनच लागतं. आणि पूर्ण सराव परीक्षा कॉलेज बोर्डाच्याच ब्लूबुक ॲपमध्ये फुकट आहेत! शब्दसंग्रहाचं काहीही विकत घेण्याआधी त्यातली एक मुलाला सोडवायला द्या.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, नंबर तुम्हीच दिलात, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. डेबिट कार्ड होतं. असल्या खरेदीला डेबिट कार्ड कधीही वापरू नका. क्रेडिट कार्डावर निदान विवाद नोंदवता येतो, तोही बिल आल्यापासून साठ दिवसांच्या आत, लेखी. पोलीस म्हणाले, वस्तू तर मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. राज्याच्या ग्राहक खात्याने चार आठवड्यांनी कळवलं की कंपनी दुसऱ्या राज्यातली आहे, तिकडे लिहा. तिकडे लिहिलं, तर तक्रारदार आमच्या राज्यात राहत नाही! केंद्राच्या पोर्टलवर तासभर घालवून फॉर्म भरला, तर क्रमांक मिळाला आणि सोबत एक ओळ: वैयक्तिक तक्रारी आम्ही सोडवत नाही. मग नाव, पत्ता, रक्कम, तारीख, फोन नंबर एवढं सगळं मागता कशाला? शाळेने तर हात झटकले: माहिती आम्ही दिली नाही, विषय संपला. एकानेही त्या नंबरवर फोन लावून पाहिला नाही. मी लावला. नंबर चालू होता, तीच बाई होती, त्याच गोड आवाजात तिने मला विचारलं, “मुलाचं नाव काय म्हणालात?”

तोवर कार्ड बंद करायचंही मला सुचलं नव्हतं, म्हणून दुसरे 39 डॉलर 99 सेंट गेले. असा फोन येऊन गेला असेल तर अनामत परत येण्याची वाट बघू नका, कार्ड आजच बंद करा. अनामतीचे तीस दिवस कधीच उलटले. ‘परतावा विभागा’च्या ईमेलला मी सातदा लिहिलं, शेवटचं परवा. उत्तर नाही.