वेगवान ग्रुपमध्ये टिकायचंय: रविवारची राइड, एकट्याचा सराव की घरातला ट्रेनर?

बेळगावात रोड बाइक घेतली की थोड्याच महिन्यांत हा प्रश्न समोर येतो. पहाटे शहरातून दोन तऱ्हेचे ग्रुप निघतात. एक ताशी 24-25 किलोमीटरच्या वेगाने, गप्पा मारत खानापूरला जाऊन चहा-इडली करून परत येतो. दुसरा सपाटीवर 33-35 धरतो, आणि त्याच्या मागे एकदा पन्नास मीटर राहिलात की तो पुन्हा हाताला लागत नाही. या दुसऱ्या ग्रुपबरोबर शेवटपर्यंत टिकायचं असेल तर तीन वाटा आहेत. दर रविवारी त्यांच्याबरोबरच जायचं आणि सुटत-सुटत शिकायचं, किंवा महिना-दीड महिना एकट्याने तयारी करून मग त्यांना गाठायचं, किंवा घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल असा स्टँड, बसवायचा.

माझं मत आधीच सांगतो. कोणती वाट आवडते यावर ही निवड करू नका. आपण ग्रुपमधून नेमके कुठे सुटतो ते पाहा. सपाटीवर, वळणांनंतर, गावातल्या स्पीड ब्रेकरनंतर सुटत असाल तर कमी पडतंय ते कसब, आणि ते ग्रुपमध्येच मिळतं. चढावर सुटत असाल तर कमी पडतेय ती ताकद, आणि ती ग्रुपमध्ये फार हळू वाढते. दोन्ही ठिकाणी सुटणाऱ्याने काय करावं ते पुढे येईलच.

सपाटी आणि चढ यांचा हिशेब वेगळा

वेग वाढला की हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 30 वरून 35 वर जायचं तर वेग सहाव्या हिश्शानेच वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद जवळपास 60 टक्क्यांनी वाढते. म्हणून तर एकट्याने 30 सहज धरणाऱ्याला 35 अशक्य वाटतं. पुढच्याचं व्हील धरलं, म्हणजे त्याच्या चाकामागे अगदी जवळ राहून वाऱ्याचा आडोसा घेतला, की तोच माणूस 35 ला आरामात बसतो.

ढोबळ आकडे घेऊ. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो, वेग 33, रस्ता सपाट, वारा नाही. एकट्याने जाताना साधारण 175 वॅट लागतात. एका सायकलच्या मागे नीट बसलात तर 130 च्या आसपास भागतं. आता हाच माणूस 5 टक्के चढावर ताशी 15 ने निघाला तर त्याला 190 वॅट लागतात, आणि त्यातले हवेचे जेमतेम 12-15. बाकी जवळजवळ सगळी ताकद वजन वर न्यायला जाते. तिथे कुणाच्याही मागे बसून फारसं काही वाचत नाही.

संकेश्वरच्या बाजूला जाणाऱ्या राइडमध्ये हे स्पष्ट दिसतं. काकतीवरून पुढे जाताना वंटमुरी घाट उताराचा असतो, ग्रुप मजेत खाली उतरतो, नवा माणूसही मागे लागून जातो. परतताना तोच घाट चढायचा असतो, तोही पाय थकल्यावर. हायवेचा चढ आहे, फार तीव्र नाही. पण सकाळपासून 130 वॅटमध्ये 33 ने आलेल्या माणसाकडे तिथे एकदम 190 ची मागणी होते आणि ग्रुप निघून जातो. सपाटीवर ग्रुपने त्याचा कमकुवतपणा झाकलेला असतो एवढंच.

ग्रुपबरोबर जाण्यात काय मिळतं

एकट्याने वर्षभर घाम गाळूनही न मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे व्हील धरण्याची सवय. सुरुवातीला पुढच्या चाकापासून एका चाकाचं अंतर ठेवा, म्हणजे साधारण 70 सेंटिमीटर. भीती वाटत असेल तर दीड-दोन मीटर ठेवा, फायदा कमी होतो पण संपत नाही. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवायची नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, आणखी दोन सायकली पुढे बघायचं. आणि पायडल थांबवून ब्रेक, पुन्हा जोर, पुन्हा ब्रेक असं करायचं नाही. वेग किंचित कमी करायचा तर छाती थोडी उंच करून वारा अंगावर घ्या, ब्रेकची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. नवा माणूस भिडेपोटी सगळ्यांत मागे राहतो, आणि तीच सगळ्यांत महागाची जागा असते. वेंगुर्ला रोडला हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा असं जाताना स्पीड ब्रेकर लागत राहतात. पुढचा माणूस ब्रेकरवर 20 वर येतो आणि ओलांडून पुन्हा 33 वर जातो, तेव्हा दहावा माणूस अजून ब्रेकरवरच असतो. त्याला ती फट भरायला 38-40 मारावे लागतात. प्रत्येक ब्रेकरला एक स्प्रिंट, प्रत्येक वळणाला एक. पुढचे म्हणतात आज राइड हलकी झाली, आणि मागचा उलटी यायच्या बेतात असतो. सरासरी वेग दोघांचा तोच. तिसऱ्या ते सहाव्या जागेत राहिलात तर हे झटके निम्म्याहून कमी होतात. त्यासाठी अधूनमधून आपली पाळी घ्यावी लागते, पण ती लहान ठेवली तरी चालते. वीस-तीस सेकंद पुढे, वेग न वाढवता, मग बाजूला होऊन मागे. नवीन माणसं पुढे आल्यावर जोशात 37 मारतात आणि मागे आल्यावर शेवटचं व्हीलच त्यांच्या हातून निसटतं. पाळी संपवून मागे येताना शेवटची सायकल दिसली की ती शेजारी यायच्या आधीच वेग वाढवायला लागा.

फट पडली तर ती दोन-तीन मीटरची असतानाच भरायची. वीस मीटर झाल्यावर तुम्ही एकटे वाऱ्यात असता आणि समोर दहाजण आळीपाळीने काम करत असतात. ती लढाई सहसा हरलेलीच असते.

आता या वाटेची उणी बाजू. आठवड्याला एकच राइड आणि त्यात सुटल्यावर उरलेलं अंतर थकून रेंगाळत घरी येण्यात जातं. म्हणजे खरा सराव पहिल्या चाळीस मिनिटांचाच झाला. असे पाच-सहा रविवार गेले की मन खट्टू होतं. चांगली माणसं याच टप्प्यावर सायकल भिंतीला टेकवून मोकळी होतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांचा दम कमी नव्हता. चुकीच्या जागेवर बसून ती दमत होती, आणि तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ‘थांबतो की हो, या सावकाश’ असं निघताना सगळेच म्हणतात. वेगवान ग्रुप थांबत नाही, आणि तो थांबेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

एकट्याचा सराव

पैसे लागत नाहीत, ग्रुपची वेळ पाळावी लागत नाही, आणि ताकद मोजूनमापून वाढते. छातीचा हार्ट रेट पट्टा असला तर पुरेसा आहे. पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर चांगलाच, पण त्यावाचून अडत नाही.

2007 मध्ये नॉर्वेतल्या यान हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी धावण्याच्या सरावावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चार मिनिटं कमाल हार्ट रेटच्या 90 ते 95 टक्क्यांवर, मध्ये तीन मिनिटं हलकं, असे चार फेरे, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी सात टक्क्यांनी वाढली. सायकलवर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा हे पुष्कळ झालं. आपल्याकडे त्यासाठी येळ्ळूरजवळचा राजहंसगडाचा रस्ता आहे. चढावर हार्ट रेट आपोआप वर जातो आणि वेग कमी असल्याने जीवाला धोका कमी. चढ चार मिनिटांत संपला तर वळा आणि पुन्हा चढा.

ब्रेकरनंतरच्या झटक्यांसाठी दुसरा व्यायाम आहे, तोही नॉर्वेचाच, बेंट रोनेस्टाड यांच्या अभ्यासांतून आलेला. 30 सेकंद जोरात, 15 सेकंद हलकं, असं तेरा वेळा, मग तीन मिनिटं विश्रांती, असे तीन संच. पहिले पाच-सहा सोपे वाटतात म्हणून त्यात सगळा जोर काढू नका. तेरावा पहिल्यासारखाच झाला पाहिजे. नव्या माणसाने दोन संचांनीच सुरुवात करावी. ग्रुपच्या खेचाखेचीला इतका जवळचा दुसरा एकट्याचा व्यायाम मला माहीत नाही.

या वाटेत काय मिळत नाही हेही सांगायला हवं. चार मिनिटांचे चार फेरे (4×4) उत्तम मारणारा माणूस ग्रुपमध्ये आल्यावर पुढच्या सायकलपासून चार मीटर लांब राहतो, कारण सवय नाही. मग वाढवलेली सगळी ताकद वाऱ्यात जाते. शिवाय एकट्याने कुणी स्वतःला ग्रुपइतकं पिळून काढत नाही. घड्याळात सत्तावीस सेकंद झाले की पाय ढिले पडतात. पुढे मित्राचं व्हील असतं तेव्हा ते तीन सेकंद निघतात.

ट्रेनर

जून ते सप्टेंबर या वाटेला तोड नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तेव्हा पाऊस थांबतच नाही, शहरातही पहाटेचे रस्ते ओले, खड्डे पाण्याने भरलेले. खोली किती आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं. घरात चाळीस मिनिटांत सगळे इंटरव्हल, म्हणजे वरचे जोर-विश्रांतीचे फेरे, होतात, ट्रॅफिक नाही, चिखल नाही. स्मार्ट ट्रेनर महाग आहे, साध्या चाकाखालच्या ट्रेनरवरही काम होतं. मोठा पंखा मात्र हवाच, आणि पावसाळ्यात करंट जातो तेव्हा तोही बंद पडतो. सायकल हाताळण्याचं कसब यातून काहीच वाढत नाही. ज्यांची नोकरी सकाळी लवकर सुरू होते किंवा घरी लहान मूल आहे, त्यांना मी हीच वाट सांगेन. बाकीच्यांनी फक्त यासाठी खर्च करू नये.

रस्ता कुठला निवडायचा

ग्रुपमध्ये पहिल्यांदा जायचं तर धारवाडच्या दिशेचा हायवे, हिरेबागेवाडीपर्यंत. खड्डे कमी, वळणं कमी, त्यामुळे झटके कमी. ट्रक मात्र आहेत, आणि कडेच्या पट्टीतून उलटे येणारे मोटरसायकलवाले आहेत, म्हणून एकाच रांगेत. सांब्रा रोड मोकळा आणि सपाटीचा, पण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. जाताना तो पाठीशी असतो, 38 दिसतात आणि आपण फार तयार झालो असं वाटतं. येताना तोच तोंडावर येतो. त्या दिवशी जातानाच ताकद राखून ठेवा.

खानापूर रोडचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पावसाळी वारा आडवा लागतो. दक्षिणेला जाताना तो उजवीकडून येतो, म्हणजे आडोसा पुढच्या सायकलच्या मागे, थोडा डावीकडे असतो. पुढचा माणूस रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने चालवत असेल तर मागच्याला आडोशात शिरायला डांबरच उरत नाही, खाली माती. सगळे एका सरळ रेषेत वाऱ्यात भाजले जातात आणि शेवटचे दोघे सुटतात. रस्ता मोकळा असेल आणि पुढच्याने हातभर उजवीकडे चालवलं तर मागच्या तिघा-चौघांना तिरप्या रांगेत जागा होते. परतताना वारा डावीकडून, आडोसा उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला. तिथे आडोशाचा मोह सोडायचा. वेग गेला तरी चालेल.

ऊस तोडणी सुरू झाली की संकेश्वर, निपाणी भागात पहाटे अंधारात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. त्या महिन्यांत वेगवान ग्रुपने उजाडल्यावरच निघावं असं मला ठामपणे वाटतं. आपले ग्रुप मराठी-कन्नड मिश्र आहेत, ‘खड्डा!’ आणि ‘हिंदे गाडी!’ (मागे गाडी) दोन्ही हाका कानाला ओळखीच्या हव्यात.

कुणी काय घ्यावं

एकट्याने, सपाटीवर, वारा नसताना तासभर 27-28 धरता येत असेल तर तयारी पूर्ण व्हायची वाट पाहू नका. सरळ ग्रुपमध्ये जा, आणि आठवड्यातला एक दिवस 30-15 च्या संचांना द्या. मित्रमंडळींतले बहुतेक लोक याच गटात असतात आणि उगाच सहा महिने एकटे फिरत राहतात.

24 च्या आत असाल तर आधी सहा ते आठ आठवडे एकट्याचा सराव. मध्ये-मध्ये खानापूरच्या चहावाल्या ग्रुपबरोबर जा आणि तिथे व्हील धरायला शिका. 25 च्या वेगाला चूक झाली तरी सावरता येते. मधल्या वेगवाल्यांनी आणि सपाटी-चढ दोन्हीकडे सुटणाऱ्यांनीही हेच, फक्त कालावधी निम्मा.

सपाटीवर टिकता आणि वंटमुरीच्या परतीच्या चढाला सुटता, तर रविवार तसाच ठेवा आणि मंगळवारी राजहंसगड गाठा. चढाच्या पायथ्याशी ग्रुपच्या पुढच्या टोकाला या. आपल्या गतीने चढत हळूहळू मागे सरकलात तरी माथ्यावर शेवटच्या माणसाबरोबर असाल, आणि पुढे सपाटीला पुन्हा आडोसा मिळेल.

शेवटच्या तासातच सुटत असाल तर सरावाआधी खाणं तपासा. रिकाम्या पोटी पहाटे निघून फक्त पाण्यावर अडीच तास 33 निघत नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. दोन मध्यम केळ्यांत साधारण 50 ग्रॅम मिळतात, गुळाची चिक्कीही चालते. पहिला घास अर्ध्या तासात, भूक लागायच्या आधी. गोकाकचं करदंट खिशात घेणारे बरेच आहेत, पण त्यात सुकामेवा आणि तूप भरपूर, पचायला वेळ लागतो. ते परत आल्यावर खावं.

आणि पहिल्या रविवारी निघण्याआधीच राइड नेणाऱ्याला सांगून ठेवा, ‘अण्णा, मी हिरेबागेवाडीपर्यंत येतो, तिथून वळतो.’ मग तुमची काळजी करत कुणी मागे वळून बघत नाही, तुम्हाला वळायची जागा ठाऊक असते, आणि परतीच्या वीसेक किलोमीटरसाठी पायात बळ शिल्लक असतं. पुढच्या महिन्यात तीच जागा कित्तूरच्या दिशेने सरकवा.