कबुतर की पूल?

भाची इतिहास शिकवते. राष्ट्रसंघावर (पहिल्या महायुद्धानंतरची 'लीग ऑफ नेशन्स') तासाला एकच व्यंगचित्र दाखवायचंय, या दोनांतलं कोणतं घेऊ, म्हणाली. दोन्ही लेनर्ड रेव्हन-हिलची, 'पंच' या ब्रिटिश साप्ताहिकातली, 1919ची.

मार्चचं चित्र पटकन कळतं: अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन शांततेच्या इवल्याशा कबुतराच्या चोचीत राष्ट्रसंघाची, म्हणजे ऑलिव्हची, भलीमोठी फांदी देतायत. हसू येतं, पण चर्चा तिथंच आटपते.

डिसेंबरच्या चित्राला वेळ लागतो. राष्ट्रसंघ म्हणजे एक पूल, त्यावर पाटी, आराखडा अमेरिकेच्या अध्यक्षांचा. बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड, इटलीचे दगड बसलेत, मधला मुख्य दगड, अमेरिकेचा, मात्र बसवलेला नाही. त्यालाच टेकून अंकल सॅम, म्हणजे अमेरिकाच, निवांत सिगार ओढतोय! आधी राष्ट्रसंघात जायला अमेरिकी सिनेटनं दिलेला नकार सांगावा लागेल. अमेरिका पुढेही आली नाहीच, म्हणून हे जास्त झोंबतं.

दहा मिनिटं असतील तर कबुतर. अख्खा तास असेल तर पूलच.