कन्व्हर्टर गेला म्हणतात: नवा घ्यायचा, बाजारातला बसवायचा की गाडीच काढायची?

"ताई, आतली जाळी काढून टाकतो, दोन तासांत गाडी मोकळी. एवढ्या जुन्या गाडीत नवा कन्व्हर्टर कशाला घालता?"

खंबाटकी घाटात आमची गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा वाटेतल्या गॅरेजमध्ये मिळालेला हा सल्ला. पुण्यात परतल्यावर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे स्कॅनर लावला, कोड बघितला आणि "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल" म्हणून पाच आकडी कोटेशन थेट हातात ठेवलं. एकाचा उपाय जवळजवळ फुकट, दुसऱ्याचा महिन्याच्या पगाराला भगदाड पाडणारा. आणि कन्व्हर्टर खरंच गेलाय का, हे दोघांपैकी एकानेही तपासलं नव्हतं.

गाडी पेट्रोलची, २०१४ची. बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली आणि अजूनही ते रविवारी स्वतः पुसतात. त्यामुळे पुढचे काही आठवडे मी या कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या, मागेच लागले. तुमच्याही हातात असं कोटेशन असेल, तर कुठला मार्ग कुणासाठी योग्य ठरतो हे मला जसं उमगलं तसं सांगते. हे सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. डिझेलच्या धुराची व्यवस्था वेगळी, तिचा हिशेबही वेगळा.

आधी तो गेलाय का ते बघा

इंजिनाजवळ, सायलेन्सरच्या नळीत हा डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची बारीक जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. जाळी अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तापली की काम सुरू होतं: विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळून जातं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून साधा नायट्रोजन सुटतो.

हा डबा दोन तऱ्हांनी बिघडतो आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. पहिली तऱ्हा म्हणजे जाळी वितळते किंवा फुटून अडकते. धुराला वाट उरत नाही, पिकअप जातो, चढावर गाडी ओढत नाही, अ‍ॅव्हरेज घसरतं. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलकं ठोकलं आणि आत खुळखुळलं, तर जाळी फुटली आहे. चांगला मेकॅनिक पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतो. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरल्यावर दाब साधारण तीन पीएसआयच्या वर गेला, तर पुढे वाट तुंबली आहे. दुसऱ्या तऱ्हेत जाळी शाबूत असते, पण तिच्यावरचा थर निकामी झालेला असतो. गाडी झकास पळते, फक्त धूर स्वच्छ होत नाही.

दुसऱ्या तऱ्हेसाठी स्कॅनर पी०४२० हा कोड दाखवतो. पण हा कोड म्हणजे निकाल नव्हे. डब्याच्या मागे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग अपेक्षेपेक्षा जास्त वरखाली होतंय, एवढंच तो सांगतो. सेन्सर म्हातारा झाला असेल, नळीच्या सांध्यातून हवा आत जात असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. लाइव्ह डेटा दाखवायला सांगा. इंजिन गरम असताना पुढचा सेन्सर भराभर वरखाली होतो आणि मागचा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो, तर कन्व्हर्टर काम करतोय. मागचाही पुढच्याच तालावर नाचत असेल, तर संशयाला जागा आहे. एप्रिल २०१३च्या आधीच्या अनेक गाड्यांत ही देखरेखच नसते. तिथे चेक इंजिन लाइटची वाट बघू नका.

सगळ्यात स्वस्त तपासणी पीयूसी केंद्रावर होते, फक्त नळीत प्रोब खरोखर घालायला लावा. नुसता नंबरप्लेटचा फोटो काढून मिळालेला कागद इथे काही कामाचा नाही. अर्धा तास गाडी चालवून, तापलेली असतानाच न्या. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. अडीच हजार आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा आकडा, ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा. हा लॅम्डा नीट वाचा. तो १ च्या जवळ आहे आणि तरी कार्बन मोनॉक्साइड जास्त, तर इंजिन आपलं काम करतंय आणि कन्व्हर्टर करत नाही. लॅम्डाच ०.९७ च्या खाली असेल, तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय. अशा वेळी नवाकोरा कन्व्हर्टर बसवला तरी आकडे सुधारणार नाहीत.

मारलं कुणी?

कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो. जुन्या गाडीत त्याला बहुतेक वेळा इंजिनच मारतं. ठिणगी देणारी कॉइल किंवा प्लग खराब झाला की मिसफायर होतो, न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथे पेटतं आणि जाळी वितळेपर्यंत तापते. इंजिन ऑइल जळत असेल, तर ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त थरावर बसतात. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल, तर त्यातले सिलिकेट तेच करतात. पावसात तुंबलेल्या रस्त्यावर तापलेला डबा एकदम पाण्यात बुडाला, तर सिरॅमिकला तडा जाऊ शकतो.

म्हणून कुठल्याही पर्यायाकडे वळण्याआधी प्लग, कॉइल, दोन्ही सेन्सर, सायलेन्सरचे सांधे आणि ऑइलची पातळी बघून घ्या. आमच्या गाडीत एक कॉइल गेली होती. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइलचा टॉप-अप करावा लागत असेल, तर आधी इंजिनाचा कौल घ्या. ऑइल पिणाऱ्या इंजिनापुढे महागडा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे गळक्या टाकीत टँकरने पाणी ओतणं.

धुऊन चालेल का?

टाकीत ओतायची बाटली किंवा डबा काढून केमिकलने धुणं, यांचा उपयोग जाळीवर नुसती काजळी बसली असेल तर थोडाफार होतो. वितळलेली जाळी धुऊन सरळ होत नाही आणि फॉस्फरसने झाकलेला थर परत येत नाही. मी बाटलीवर पैसे घातले, त्याच पैशांत प्लगचा संच आला असता.

कंपनीचा की बाजारातला

खरी तुलना इथे आहे.

कंपनीच्या भागाची सगळी तक्रार किमतीची. आणि किंमत उगाच नाही, आत मौल्यवान धातू आहेत. २०२१ मध्ये ऱ्होडियम एका औंसाला तीस हजार डॉलरच्या जवळ गेलं होतं. शिवाय अनेक गाड्यांत कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या भागाला, जोडूनच येतो, म्हणजे दोन्हींचे पैसे मोजावे लागतात. त्याच्या बदल्यात मिळतं ते असं: बोल्ट जागेवर बसतात, सेन्सरची भोकं बरोबर जागी असतात, थराचं प्रमाण त्याच इंजिनासाठी ठरवलेलं असतं, लाइट पुन्हा लागायची शक्यता कमी. बारा वर्षं टिकलेला मूळ डबा हाच त्याच्या टिकाऊपणाचा पुरावा.

बाजारातला डबा बराच स्वस्त पडतो, कारण मुख्यतः त्यात धातू कमी असतो. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, फरक डोळ्यांना दिसत नाही. पीयूसी तो आरामात काढून देतो, निदान सुरुवातीला. पण मागचा सेन्सर लक्ष ठेवून असतो; वर्ष-दीड वर्षाने तोच पी०४२० परत येण्याच्या तक्रारी याच भागांबद्दल ऐकू येतात. वेल्डिंग करून बसवायचा असेल, तर सांधा किती नीट केलाय यावर अर्धं यश अवलंबून असतं. एवढं असूनही तो टाकाऊ नाही. आरसीची दीड-दोन वर्षं उरली आहेत, गाडी गावातल्या गावात फिरते, पुढे काढायचीच आहे, अशा घराने कंपनीच्या भागात पैसे अडकवू नयेत असंच मी म्हणेन. फक्त इंजिनाची क्षमता आणि गाडी बीएस-३ की बीएस-४ हे सांगून त्यालाच साजेसा डबा मागा, जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी लेखी घ्या. बिल द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊच नका.

दोन्हीकडे एक गोष्ट करा: काढलेला जुना डबा परत मागा. थर निकामी झाला तरी धातू आत असतोच आणि भंगारात त्याला किंमत येते. पुष्कळ गॅरेजमध्ये तो गुपचूप कोपऱ्यात ठेवला जातो. काम देण्याआधीच "जुना पार्ट मला हवा किंवा बिलात त्याचे पैसे वळते करा" असं स्पष्ट बोला.

जुन्या बाजारातला

मुंबईत कुर्ल्यासारख्या ठिकाणी उतरवलेले कन्व्हर्टर मिळतात. मला दोन कारणांनी हा मार्ग पटला नाही. एक, ज्या गाडीतून तो निघाला ती भंगारात का गेली हे कळायला मार्ग नाही; ऑइल पिणाऱ्या गाडीतला असेल, तर तोही मेलेलाच. दुसरं कारण मला जास्त बोचतं. गेल्या काही वर्षांत मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेल्याच्या बातम्या पुण्यासह राज्यभरातून येत राहिल्या. चोरांना हवी असते ती आतली 'माती', म्हणजे धातूचा थर असलेला जाळीचा चुरा. शाळेची मुलं नेणाऱ्या, भाजी वाहणाऱ्या माणसाची ती गाडी असते, आणि सकाळी तिचं पोटच कापलेलं दिसतं. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त कन्व्हर्टर कुणाच्या गाडीखालून आलाय हे सांगता येत नाही, आणि चोरीचा माल घेणं हाही गुन्हाच आहे.

जाळी काढून टाकणं

हा पर्याय सगळ्यात जास्त सुचवला जातो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. डबा कापायचा, जाळी फोडून काढायची, रिकामा डबा परत वेल्ड करायचा. मागच्या सेन्सरला एक लांब नट लावून तो धुराच्या झोतातून बाहेर ओढायचा, म्हणजे लाइट लागत नाही. जाळी तुंबली असेल तर पिकअप खरंच परत येतो, हे नाकारत नाही. पण तो वाट मोकळी झाल्यामुळे येतो. चांगला कन्व्हर्टर बसवला असता तरी आलाच असता.

कायद्याने बघाल तर मूळ रचनेत असा फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातं, आणि मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रदूषणाची मर्यादा ओलांडल्याबद्दल कलम १९० मध्ये दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद वेगळी. प्रोब खरोखर घातला, तर बीएस-४ गाडी जाळीशिवाय ०.३ टक्क्यांत बसणं अवघड. पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो, तेव्हा आज वाचवलेले पैसे तिथे मोजावे लागतात.

पण दंड नसता तरी मी हे केलं नसतं. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशामुळे ही जाळी मरते, म्हणून त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोल पंपावर आणावं लागलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. एवढी उठाठेव करून जो डबा गाडीखाली आला, तो काढला की आपल्या गाडीचा धूर तेव्हाच्या गाड्यांसारखा होतो. सिग्नलला आपल्या मागे स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं पोर असतं. ते आमच्या गाडीची नळी हुंगणार, हे डोळ्यांसमोर आलं की दोन तासांत मोकळी होणारी गाडी मला नको वाटते.

गाडीच काढावी का?

पंधरा वर्षं झाली की भंगार, असा नियम महाराष्ट्रात खासगी गाडीला नाही. फिटनेस तपासणी करून, फेरनोंदणी फी आणि ग्रीन टॅक्स भरून पाच-पाच वर्षं नोंदणी वाढते. त्यामुळे वय बघण्याऐवजी बाकीची गाडी बघा. पत्रा गंजलाय, इंजिन ऑइल पितंय, सस्पेन्शन वाजतंय, आणि कन्व्हर्टरचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जातोय, तर अधिकृत भंगार केंद्रात देऊन जमा प्रमाणपत्र घ्यावं. ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमांत ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं.

आमच्या गाडीचा पत्रा ठणठणीत होता, ऑइलची पातळी दोन महिन्यांत हलली नव्हती, आणि आरसी २०२९ पर्यंत होती. आधी कॉइल आणि प्लग बदलले. मिसफायर थांबला, लॅम्डा १ वर आला, तरी कार्बन मोनॉक्साइड ०.७ वरून हलेना. डबा ठोकला तर आत खुळखुळाट. तेव्हा कंपनीचा घेतला. पार्ट, गॅस्केट, मजुरी धरून बिल पाच आकडी झालं, तीनच्या आकड्याने सुरू होणारं. जुना डबा परत मागितल्यावर त्यातले थोडे कमी झाले. हीच गाडी २००९ची असती, आरसी वाढवायचा विचार नसता, तर मी बाजारातला बसवून वर्षभर चालवली असती.

नवा बसवल्यावर गाडी तापवून पुन्हा पीयूसी केंद्रावर नेली. प्रोब घातला, स्क्रीनवर ०.०२ आलं. बाबांनी तो कागद घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे.