स्लीप की हायबरनेट? लाईन जाणाऱ्या गावातला हिशेब

विंडोज लॅपटॉपात स्लीप म्हणजे काम रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) ठेवून थोड्या विजेवर झोपणं, आणि हायबरनेट म्हणजे काम डिस्कवर उतरवून पूर्ण बंद होणं. टेबलावर, चार्जर लावून आणि दहा मिनिटांच्या चहासाठी उठायचं असेल तर स्लीपला तोड नाही. झाकण उघडलं की काम समोर. हायबरनेटला एसएसडीवरही (नव्या वेगवान डिस्कवर) पंधरा-वीस सेकंद जातात, जुन्या हार्ड डिस्कवर मिनिटभर किंवा जास्तच. शिवाय सी ड्राइव्हवर त्याची फाइल बसते, साधारण रॅमच्या चाळीस टक्के, म्हणजे ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या आसपास.

पण लॅपटॉप पिशवीत घालून गाडीवर दुसऱ्या गावी न्यायचा असेल, तर पारडं फिरतं. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत जुनी खोल झोप, एस ३, उरलेलीच नाही. तिच्या जागी एस ० आहे. पडदा काळा दिसतो, पण आत वायफाय आणि अपडेट अधूनमधून जागे होतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात बंद पिशवीत हवा खेळत नाही. तालुक्याहून पोचेस्तोवर यंत्र तापलेलं, बॅटरी अर्ध्यावर आणि तिथं लाईन नाही, असं होतं. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, ती कायमची कमजोर होते. माझा कौल हायबरनेटकडे झुकला तो या एका त्रासामुळेच.

तुमच्या यंत्रात कोणती झोप आहे हे कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) कळतं. इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडा, मग स्लॅश आणि ए. यादीत एस ३ उपलब्ध असेल तर स्लीपही फारसा दगा देत नाही, तासाभराच्या प्रवासाला चालून जातं.

हायबरनेट बहुधा लपवलेलं असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं डावीकडे झाकणाची सेटिंग. वरची ‘करंटली अनअव्हेलेबल’वाली ओळ दाबली की खाली हायबरनेटची चौकट खुली होते, तिथं खूण करा. मग झाकणासाठी बॅटरीवर हायबरनेट आणि चार्जरवर स्लीप ठेवा. यात एक मेख आहे. चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं आणि नंतर पिन काढली, तर यंत्र स्लीपमध्येच राहतं. म्हणून आधी पिन काढायची, मग झाकण मिटायचं आणि दिवा विझल्यावरच पिशवीत घालायचं. हार्ड डिस्क असेल तर हे विशेष पाळा, डिस्कवर लिहिणं चालू असताना हादरे नकोत.

बॅटरी जुनी असेल तर आकडा बारावरून थेट शून्यावर येतो. पॉवर ऑप्शन्समधली क्रिटिकल पातळी, म्हणजे जिथं यंत्र आपोआप कृती करतं तो आकडा, पाचाऐवजी पंधरा टक्क्यांवर न्या आणि कृती हायबरनेट ठेवा, म्हणजे लाईन गेल्यावर डिस्कवर काम उतरायला वेळ उरतो. बॅटरी सेव्हर उपयोगी, पण तो पडद्याचा उजेड कमी करतो, म्हणून उन्हात पडदा दिसेनासा होतो.

सरकारी पोर्टलचं सत्र (लॉगिन) मात्र दोन्हींत तुटू शकतं. अर्धा भरलेला अर्ज असेल तर झाकण मिटण्याआधी ड्राफ्ट सेव्ह करा.